लघुआकार संगणक कॅबिनेट : मांडणी व शीतन

लघुआकार कॅबिनेट : मेजावरील संगणकाचे सुटे भाग बसवण्यासाठी वापरली जाणारी, नेहमीच्या टॉवरपेक्षा बरीच लहान पेटी. मराठी बोलण्यात अख्ख्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याची सवय आहे. घोटाळा टाळण्यासाठी या नोंदीत पेटीला कॅबिनेट आणि चिपला प्रोसेसर म्हटले आहे. या वर्गाची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही; साधारणपणे २० लिटरपर्यंतचे बाह्य घनफळ धरतात. पाय आणि बाहेर आलेले भाग घनफळात मोजायचे की नाहीत याबाबत उत्पादकांमध्ये एकवाक्यता नसल्याने छापील लिटरांची तुलना जपून करावी.

या वर्गाचा उगम कोठे मानावा याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार शटल कंपनीच्या २००१ च्या सुमारास आलेल्या घनाकृती संगणकांपासून (एसव्ही२४ व नंतरची एक्सपीसी मालिका) सुरुवात धरावी. दुसरे मत व्हीआयए टेक्नॉलॉजीजने २००१ मध्ये मांडलेल्या मिनी-आयटीएक्स या मदरबोर्डाच्या (सारे भाग जोडणाऱ्या मुख्य फळीच्या) मापाच्या मानकाला श्रेय देते. शटलचा संगणक लोकप्रिय असला तरी त्याचा मदरबोर्ड त्याच पेटीच्या मापाने बेतलेला असे. मिनी-आयटीएक्सने मात्र १७० × १७० मिमी. हे खुले माप दिले आणि स्क्रूची भोके एटीएक्स या नेहमीच्या मोठ्या बोर्डाशी (३०५ × २४४ मिमी.) जुळती ठेवली, त्यामुळे कोणाचाही बोर्ड कोणाच्याही कॅबिनेटात बसू लागला. आजच्या लघुआकार कॅबिनेटांची वंशरेषा म्हणूनच दुसऱ्या मताकडे अधिक झुकते. मूळ मिनी-आयटीएक्स बोर्ड कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरांसाठी होते. शंभर-दोनशे वॉटचे भाग त्याच चौरसावर येऊ लागले, तेव्हा शीतनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

उष्णता आणि हवा : लहान पेटीत हवा कमी मावते म्हणून ती तापते, हा समज अपुरा आहे. समजा, आतले भाग मिळून ३०० वॉट उष्णता सोडतात आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंश सेल्सिअसच गरम असावी अशी अट आहे. हवेची विशिष्ट उष्णता व घनता लक्षात घेता सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा पेटीतून वाहावी लागते. म्हणजे १० लिटरच्या कॅबिनेटातील सगळी हवा सेकंदात अडीच वेळा बदलली पाहिजे. ४० लिटरच्या टॉवरलाही तेवढीच, २५ लिटर हवा लागते. मोठ्या पेटीचा खरा फायदा निराळा असतो : तीत मोठे व सावकाश फिरणारे पंखे आणि जाड उष्णताशोषक (भागांची उष्णता हवेला देणारे धातूचे ठोकळे) बसतात, आणि हवेला वाट मोकळी मिळते. पंख्याचा वेग दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो, पण त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. आवाजही झपाट्याने वाढतो. म्हणून लहान पेटीत हवेची वाट छोटी व सरळ ठेवण्याला सर्वाधिक महत्त्व आहे.

गरम हवा वर जाते, तेव्हा कॅबिनेट उभे धुराड्यासारखे केल्यास शीतन आपोआप सुधारते, असे अनेकदा सांगितले जाते. सिल्व्हरस्टोनने रेव्हन मालिकेत मदरबोर्ड ९० अंशांत फिरवून त्याची मागची बाजू वर आणली, तेव्हापासून हा युक्तिवाद विशेष रूढ झाला. तो आकड्यांनी तपासणे इष्ट ठरते. ३० अंशांची हवा आत आणि ४५ अंशांची बाहेर धरली, तर घनतेतला फरक घनमीटरला सुमारे ०.०५५ किग्रॅ. भरतो, ४० सेंमी. उंचीच्या पेटीत त्यातून फक्त ०.२ पास्कल दाब मिळतो. साध्या १२० मिमी. पंख्याचा कमाल स्थिर दाब १० ते २५ पास्कल असतो. पंखा फिरू लागला की अभिसरणाचा (गरम हवा आपोआप वर जाण्याचा) वाटा नगण्य होतो. फिरवलेल्या मांडणीचे निकाल चांगले येतात ते खालून वर जाणाऱ्या सरळ वाटेमुळे, आणि बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जात नसल्यामुळे, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. पंख्याविना निव्वळ अभिसरणावर चालणारा ॲपलचा पॉवर मॅक जी४ क्यूब (२०००) हा अपवाद ठरतो. त्यात सारे यंत्रच मधल्या पोकळीभोवती रचले होते आणि उष्णता थोडी होती. तरी वर्षभरातच त्याचे उत्पादन थांबले. त्याच कंपनीच्या २०१३ च्या दंडगोल मॅक प्रोमध्ये मात्र माथ्यावर एक पंखा आणि मध्ये त्रिकोणी उष्णताशोषक होता.

मांडणीचे प्रकार : पारंपरिक मांडणीत ग्राफिक्स कार्ड थेट मदरबोर्डात खोचले जाते. एनकेस एम१ (१२.६ लिटर) आणि कूलर मास्टर एनआर२०० (१८.२५ लिटर) ही याची परिचित उदाहरणे होत. यात प्रोसेसरवर बऱ्यापैकी उंच कूलर (उष्णताशोषक व पंखा यांची जोडी) बसतो, बाजूला किंवा तळाशी पंखे लावता येतात आणि रायझर केबल (कार्ड बोर्डापासून दूर किंवा वळवून जोडणारी तार) लागत नाही.

सँडविच मांडणीत मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्ड मधल्या पत्र्याच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसतात. ७.२ लिटरच्या डॅन ए४-एसएफएक्सने ती लोकप्रिय केली. कार्ड बोर्डाला समांतर वळवण्याची युक्ती मात्र बरीच जुनी आहे; १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील वेस्टर्न डिजिटलच्या एलपीएक्स बोर्डांतही रायझर होता. या मांडणीचे बलस्थान असे, की प्रत्येक भाग आपल्या बाजूच्या जाळीतून थेट बाहेरची हवा घेतो. किंमत मोजावी लागते ती उंचीत : ए४ मध्ये कूलरला ४८ मिमी.पर्यंतच जागा मिळते, त्यामुळे नॉक्टुआ एनएच-एल९आयसारखे ३७ मिमी.चे बुटके कूलर वापरावे लागतात. कूलरचा पंखा आणि जाळी यांच्यातली फट फोमच्या चौकटीने बुजवली, तर पंखा आतली तापलेली हवा न ओढता बाहेरचीच घेतो. हा उपाय स्वस्त असून बहुधा उपयोगी पडतो.

ग्राफिक्स कार्डांच्या बदलत्या घडणीमुळे सँडविचपुढे नवी अडचण आली आहे. एनव्हिडियाने २०२० च्या आरटीएक्स ३०८० फाउंडर्स एडिशनपासून (कंपनीच्या स्वतःच्या आवृत्तीपासून) हवा कार्डाच्या आरपार नेणारी रचना आणली. २०२५ च्या आरटीएक्स ५०९० च्या त्याच आवृत्तीत दोन्ही पंखे आरपार हवा ढकलतात आणि कार्ड ५७५ वॉटपर्यंत वीज घेते. पाठीमागे बंद पत्रा असेल तर ही हवा तिथेच अडते; पत्रा मोकळा ठेवला तर ती मदरबोर्डाच्या पाठीवर आदळते. अशा कार्डासाठी पारंपरिक मांडणी अधिक सोयीची ठरते. शिवाय पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड व बोर्ड यांच्यातील जोडणीच्या मानकाच्या) तिसऱ्या पिढीसाठी बनलेली रायझर केबल चौथ्या पिढीच्या दुप्पट वेगाला अनेकदा पुरत नाही; तेव्हा बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वेग हाताने उतरवावा लागतो.

एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) बहुधा एसएफएक्स या लहान मापाचा (१२५ × ६३.५ × १०० मिमी.) असतो. त्याच्या केबली हवेच्या वाटेत येतात, म्हणून आखूड केबली घेणे हितावह.

स्थानिक हवामान : कॅबिनेटच्या चाचण्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. भागांचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत जाते; त्यामुळे विदर्भात मे महिन्यात खोली ४० अंशांवर असताना तोच संगणक १५ ते २० अंश अधिक तापतो, आणि पंखे वाढवून तो खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. येथे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची वीजमर्यादा उतरवणे अधिक परिणामकारक ठरते. जाळीवरची धूळ वेळच्या वेळी काढावी. लहान पेटीत एक जाळी तुंबली, तरी त्या भागाला हवेची दुसरी वाट सहसा उरत नाही.