तात्पुरती माहिती: रिक्वेस्टमध्ये की सेशनमध्ये?

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीचे नियम ठरवणाऱ्या एचटीटीपी या प्रोटोकॉलला मागचे काही आठवत नाही. ब्राउझरने पान मागितले आणि सर्व्हरने ते पाठवले, की तो व्यवहार तिथेच मिटतो. पुढची मागणी, म्हणजेच रिक्वेस्ट, त्याच माणसाची आहे की दुसऱ्याची, हे सर्व्हरला आपणहून कळत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये जपली जाणारी छोटीशी नोंद, आणली. एकाच वापरकर्त्याच्या लागोपाठच्या रिक्वेस्ट जोडून ठेवणारी आजची बहुतेक सेशन्स त्याच कुकीवर चालतात: ब्राउझरकडे एक ओळखक्रमांक असतो आणि त्या क्रमांकाखाली जपलेली माहिती सहसा सर्व्हरकडे राहते.

जावाच्या सर्व्हलेटमध्ये, म्हणजे सर्व्हरवर रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, माहिती रिक्वेस्टमध्येही ठेवता येते आणि सेशनमध्येही, आणि दोन्हीकडे ती ठेवायची पद्धत एकच, सेटॲट्रिब्यूट. त्यामुळेच नवशिक्यांची गफलत होते. रिक्वेस्टमधली माहिती उत्तर रवाना झाले की संपते, तर सेशनमधली माहिती, वापरकर्ता पान सोडून निघून गेला तरी, टॉमकॅट या सर्व्हलेट चालवणाऱ्या सर्व्हरच्या मूळ मांडणीत ३० मिनिटे टिकते. प्रत्येकामागे एक मेगाबाइट धरले, तरी दहा हजार जणांसाठी सुमारे दहा गिगाबाइट मेमरी अडकून पडते.

मेमरीपेक्षाही मला चुकीच्या उत्तरांची काळजी जास्त वाटते. समजा, तिकिटांच्या संकेतस्थळावर एका टॅबमध्ये पुणे-नागपूर गाडी निवडली आणि तुलनेसाठी दुसऱ्या टॅबमध्ये पुणे-कोल्हापूर उघडली. निवडलेली गाडी सेशनमध्ये ठेवली असेल, तर दोन्ही टॅबचे सेशन एकच असल्याने दुसरी निवड पहिलीवर लिहिली जाते, आणि पहिल्या टॅबवर परत येऊन पैसे भरणाऱ्याच्या हाती कोल्हापूरचे तिकीट पडते. गाडीचा क्रमांक फॉर्ममधूनच प्रत्येक रिक्वेस्टबरोबर पाठवला असता, तर हा घोळ झाला नसता. मात्र फॉर्ममधला आकडा कोणीही बदलू शकतो, म्हणून भाडे सर्व्हरने स्वतःच पुन्हा काढले पाहिजे. सेशनमध्ये लॉगिनची ओळख आणि खरेदीची टोपली यांसारख्या, सगळ्या टॅबना खरोखरच सामाईक असलेल्या गोष्टीच असाव्यात.

एका ठिकाणी मात्र रिक्वेस्ट अपुरी पडते. फॉर्म जतन झाल्यावर, पान ताजे केल्याने तो पुन्हा पाठवला जाऊ नये म्हणून, सर्व्हर ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर वळवतो. ही नवी रिक्वेस्ट असल्यामुळे जुनीत ठेवलेला ‘माहिती जतन झाली’ हा संदेश हरवतो. रूबी ऑन रेल्स या संकेतस्थळे बनवण्याच्या चौकटीने त्यासाठी ‘फ्लॅश’ ही सोय दिली आहे: संदेश सेशनमध्येच जातो, पण पुढच्या एका रिक्वेस्टपुरताच, आणि त्यानंतर तो आपोआप पुसला जातो.