‘शक्यता नाकारता येत नाही’ : गुप्तवार्तेच्या अहवालातल्या भाषेचा इतिहास

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडलं, त्याची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकारी पत्रातून पडली, असं सांगितलं जातं. ‘दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही.’ हे वाक्य आपण लहानपणापासून शोकाचं वाक्य म्हणून ऐकत आलो आहोत. एकदा ते लष्करी अहवाल म्हणून वाचून पाहावं. पत्र वाटेत कुणाच्या हाती लागलंच, तर त्याला पेढीवरच्या बुडीत हिशेबापलीकडे काही कळू नये अशी त्याची बोली आहे. ज्याच्यासाठी लिहिलं, त्याला मात्र एका वाचनात सगळं कळतं. आणि जे मोजता आलं ते मोजून लिहिलं आहे, जे मोजता आलं नाही तिथे ‘गणती नाही’ असं सरळ कबूल केलं आहे.

तरीही त्यात एक उणीव राहिली. विश्वासरावांना गोळी लागलेली अनेकांनी पाहिली होती. भाऊसाहेबांचं शेवटी काय झालं, याबद्दल तशी खात्री नव्हती. दोन्ही मोत्ये एकाच दमात गळाल्यामुळे हा फरक वाक्यात उरला नाही. पुढे पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही, भाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पुण्याच्या दरबाराला त्या संशयाने छळलं. ‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहिणं किती गरजेचं असतं, हे त्यातून कळतं.

लष्करी गुप्तवार्तेबद्दल आपल्याकडे जे वाचायला मिळतं ते बहुतेक हेरांचं, सांकेतिक लिपी फोडणाऱ्यांचं आणि आकाशातून काढलेल्या छायाचित्रांचं असतं. पण माहिती मिळाल्यावर शेवटी कुणीतरी टेबलाशी बसून, वेळ नसलेल्या आणि निर्णय घ्यायची जबाबदारी असलेल्या माणसासाठी चार वाक्यं लिहितो. गेल्या शंभर वर्षांतल्या मोठ्या फसगती पाहिल्या, तर माहिती अजिबात नव्हती असं क्वचितच आढळतं. ती बहुतेक वेळा होती, आणि या चार वाक्यांत हरवली.

ही अडचण जुनीच आहे. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्या अधिकरणात हेरांबद्दल नियम घालून दिला : तीन हेरांचं म्हणणं जुळलं तरच बातमी खरी मानावी. पण दुसऱ्या अधिकरणातला दहावा अध्याय, शासनाधिकार, मला या विषयासाठी अधिक मोलाचा वाटतो. राजाची लेखी आज्ञा कशी असावी हे तिथे सांगितलं आहे. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व हे लेखनाचे गुण. अकांती, व्याघात, पुनरुक्त, अपशब्द आणि संप्लव हे दोष. व्याघात म्हणजे आधी लिहिलेल्याशी नंतरचं न जुळणं. हा एक दोष लक्षात ठेवावा. पुढच्या बहुतेक प्रसंगांत तो पुन्हा पुन्हा भेटतो.

पर्ल हार्बरचंच पाहा. २७ नोव्हेंबर १९४१ रोजी वॉशिंग्टनहून हवाईला दोन वेगळे संदेश गेले. नौदलाच्या संदेशात ‘हा युद्धाचा इशारा समजावा’ असे स्पष्ट शब्द होते. लष्कराच्या संदेशात शत्रूची कारवाई कोणत्याही क्षणी शक्य आहे असं म्हटलं होतं, आणि त्याच दमात नागरिक घाबरतील असं काही करू नये, अशी सूचनाही होती. तिथले लष्करी प्रमुख जनरल शॉर्ट यांनी यातून घातपाताचा धोका वाचला. पहारा सोपा जावा म्हणून त्यांनी विमानं धावपट्टीजवळ पंखाला पंख लावून उभी केली. घातपात टाळण्यासाठी सज्ज आहोत, असं उत्तरही त्यांनी कळवलं. आपल्या इशाऱ्याचा भलताच अर्थ लागला आहे, हे ते उत्तर वाचून वॉशिंग्टनमध्ये कुणाच्याच लक्षात आलं नाही. ७ डिसेंबरला जपानी वैमानिकांना ती विमानं ओळीत उभी सापडली.

त्याच महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात एक साधी पद्धत रुळली. बातमी देणाऱ्यावर किती भरवसा ठेवायचा ते अक्षराने लिहायचं आणि ती बातमी स्वतः किती खरी वाटते ते आकड्याने. दोन निवाडे, दोन वेगळ्या खुणा. भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकतो आणि लबाड माणूसही कधी खरं बोलतो, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. ही पद्धत आजही अनेक देशांच्या सैन्यांत चालते.

खुणा कच्च्या बातमीला लावता येतात. निष्कर्षाचं काय, हा प्रश्न उरलाच होता, आणि तो पहिल्यांदा नीट हाताळला शर्मन केंट यांनी. येल विद्यापीठातले हे इतिहासाचे प्राध्यापक युद्धकाळात गुप्तवार्तेच्या कामात आले आणि पुढे सीआयएच्या राष्ट्रीय अंदाज मंडळाचे प्रमुख झाले. मार्च १९५१ मध्ये या मंडळाने युगोस्लाव्हियाबद्दल एक अंदाज-अहवाल काढला. तिथले नेते टिटो यांनी स्टालिनशी संबंध तोडले होते आणि शेजारच्या कम्युनिस्ट देशांत लष्करी हालचाल वाढली होती. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होणं ही ‘सिरियस पॉसिबिलिटी’ मानावी, असं त्यात लिहिलं होतं. मराठीत म्हणायचं तर ‘गंभीरपणे घ्यावी अशी शक्यता’.

काही दिवसांनी परराष्ट्र खात्याच्या धोरण विभागाच्या प्रमुखांनी केंट यांना सहज विचारलं, या शब्दांतून तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं? केंट म्हणाले, माझ्या मते हल्ला होण्याच्या बाजूने ६५ आणि न होण्याच्या बाजूने ३५. ते गृहस्थ चपापले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शक्यता बरीच कमी धरली होती. केंट यांना झोप लागेना, म्हणून त्यांनी ते वाक्य एकमताने मंजूर करणाऱ्या स्वतःच्या मंडळातल्या सदस्यांना तोच प्रश्न विचारला. कुणी २० टक्के धरले होते, कुणी ८० टक्के, बाकीचे मधे कुठेतरी. सगळ्यांनी एका वाक्याखाली सही केली होती, पण प्रत्येकाच्या डोक्यात वाक्य वेगळं होतं.

वर्तमानपत्रांतलं आपलं ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य असंच आहे. त्यातून १ टक्काही निघतो आणि ९० टक्केही. लिहिणारा सुरक्षित राहतो, कारण काहीही घडलं तरी तो चुकीचा ठरत नाही. मराठीत कदाचित, बहुधा, संभव, दाट शक्यता अशी शब्दांची उतरंड आहे, आणि घरात, शेतात आपण ती अचूक वापरतो. ‘बहुधा पाऊस येईल’ म्हटल्यावर वाळवण आत घेतलं जातं. ‘कदाचित येईल’ म्हटल्यावर घेतलं जाईलच असं नाही. सरकारी कागदावर आलो की ही सगळी उतरंड सोडून आपण ‘नाकारता येत नाही’वर येतो.

केंट यांनी उपाय म्हणून एक कोष्टक मांडलं आणि १९६४ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे सुमारे ९३ टक्के, ‘संभाव्य’ म्हणजे सुमारे ७५, ‘समसमान’ म्हणजे ५०, ‘बहुधा नाही’ म्हणजे ३०, ‘जवळजवळ नक्कीच नाही’ म्हणजे ७. प्रत्येकाला थोडी मागेपुढे सूट. या प्रयत्नाला त्यांच्याच कार्यालयात विरोध झाला. केंट यांनी दोन्ही गटांना नावं दिली : गणिती आणि कवी. कवींचं म्हणणं असं की जिवंत राजकारण आकड्यात बसत नाही आणि आकडा दिला की नसलेली अचूकता भासते. हा आक्षेप पोकळ नव्हता, आणि केंट यांनीही तो लेखात नोंदवला. ते कोष्टक त्यांच्या हयातीत सक्तीचं झालंच नाही.

दरम्यान किंमत मोजून झाली होती. १९६१ च्या आरंभी क्यूबात निर्वासितांची फौज उतरवण्याच्या योजनेवर अमेरिकी सेनाप्रमुखांचं मत मागवलं गेलं. अहवालात यशाची ‘फेअर चान्स’ असल्याचं लिहिलं गेलं. तो तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात ३० विरुद्ध ७० होतं, म्हणजे अपयशच जास्त. वाचणाऱ्यांना ‘फेअर’ शब्दात ‘बऱ्यापैकी’ ऐकू आलं. १७ एप्रिलला बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर सुमारे १,४०० माणसं उतरली आणि तीन दिवसांत त्यातली बहुतेक कैदेत गेली. भाषा नेमकी असली की अंदाज बरोबर येतो, असंही नाही. सोव्हिएत संघ क्यूबात क्षेपणास्त्रं ठेवील असं वाटत नाही, हा १९ सप्टेंबर १९६२ चा अंदाज केंट यांच्याच मंडळाचा होता. १४ ऑक्टोबरला यू-२ या टेहळणी विमानाने ती क्षेपणास्त्रं टिपली.

इस्रायलची १९७३ ची कथा वेगळ्या तऱ्हेची आहे. तिथे शब्द पुरेसा स्पष्ट होता : ‘कमी शक्यता’. ५ ऑक्टोबरच्या लष्करी गुप्तवार्ता पत्रकात परिच्छेदामागून परिच्छेद सुएझ कालव्याच्या पलीकडची इजिप्तची जमवाजमव अगदी बारकाईने नोंदवलेली आहे. मग ४० व्या परिच्छेदात येतं की ही मांडणी हल्ल्याची लक्षणं दाखवत असली, तरी आमच्या सर्वोत्तम आकलनानुसार इजिप्तने दोन्ही बाजूंच्या बळाबद्दलचा आपला अंदाज बदललेला नाही; म्हणून युद्धाची शक्यता कमी. कौटिल्याचा व्याघात इथे उघड्यावर आहे. पुरावा एकीकडे नेतो आणि निष्कर्ष दुसरीकडे. वाचणारा मंत्री निष्कर्षच धरतो, कारण वाचायला वेळ तेवढाच असतो. दुसऱ्या दिवशी, योम किप्पूरच्या दुपारी, इजिप्त आणि सीरियाने एकाच वेळी हल्ला केला. त्याआधी दक्षिण विभागातल्या सिमान-तोव्ह नावाच्या तरुण लेफ्टनंटने दोन टिपणं लिहून, हा सराव नसून खऱ्या युद्धाची तयारी आहे असं कळवलं होतं. वरच्या अधिकाऱ्याने ती पुढे पाठवली नाहीत. युद्धानंतर अग्रानात आयोगाने चौकशी केली. प्रचलित मताविरुद्ध मुद्दाम लिहिणारा एक छोटा गट इस्रायलच्या लष्करी गुप्तवार्ता विभागात त्यानंतर सुरू झाला. विरोधी मत लिहिणं हे कुणाचं तरी रोजचं काम झालं, ही मला त्या सगळ्या दुःखातून निघालेली खरी सुधारणा वाटते.

ऑक्टोबर २००२ चा इराकविषयीचा अमेरिकी अंदाज-अहवाल ९० हून अधिक पानांचा होता. आत शंका होत्या, परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाचं वेगळं मत होतं, मानवरहित विमानांबद्दल हवाई दलाचा आक्षेप होता. सुरुवातीच्या मुख्य निष्कर्षांत मात्र बगदादकडे रासायनिक आणि जैविक शस्त्रं आहेत, असं थेट विधान. जनतेसाठी काढलेल्या आवृत्तीतून तर ‘आमच्या मते’ आणि ‘आमचा अंदाज आहे’ असे शब्दही बऱ्याच ठिकाणी गळाले. २००४ मध्ये सिनेटच्या समितीने म्हटलं की बहुतेक मुख्य निष्कर्ष फुगवलेले तरी होते किंवा हाती असलेल्या माहितीचा त्यांना आधार नव्हता. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी लॉर्ड बटलर यांच्या अहवालाचाही सूर तसाच होता. माहिती जितका भार पेलू शकत होती, त्याहून अधिक भार तिच्यावर टाकला गेला. ‘आमच्या मते’ हे दोन शब्द किती वजन उचलत होते, ते गळाल्यावर दिसलं.

यानंतर केंट यांचं कोष्टक परत आलं. अमेरिकेत विश्लेषणाच्या लेखनाचे मानदंड २००७ मध्ये ठरले आणि २०१५ च्या सुधारित आवृत्तीत शक्यतेच्या सात पायऱ्या टक्क्यांसह दिल्या गेल्या. घटना घडण्याची शक्यता आणि लिहिणाऱ्याचा स्वतःच्या निष्कर्षावरचा भरवसा एकाच वाक्यात मिसळू नयेत, असाही नियम आला. ब्रिटनमध्येही शक्यतेची अशीच मोजपट्टी वापरतात. आकड्यांनी सगळं सुटलं असं नाही. २०११ मध्ये अबोटाबादच्या त्या घरात बिन लादेन आहे का, यावर ओबामांसमोर ४० पासून ९५ टक्क्यांपर्यंत आकडे आले, आणि शेवटी त्यांनी ते ५०-५० धरून निर्णय घेतला.

आपल्याकडच्या कारगिलला हे सगळं लागू पडतं. के. सुब्रह्मण्यम स्वतः कधीकाळी संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या आढावा समितीचा अहवाल डिसेंबर १९९९ मध्ये तयार झाला आणि फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत आला. त्यातल्या दोन नोंदी मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. पहिली परदेशातली गुप्तवार्ता पाहणाऱ्या ‘रॉ’च्या सहामाही अहवालांबद्दल. सप्टेंबर १९९८ पर्यंतच्या अहवालात पाकिस्तानकडून मर्यादित आणि झटपट चढाईचा धोका नमूद होता. मार्च १९९९ पर्यंतच्या पुढच्या अहवालात तो उल्लेख गेला. आर्थिक अडचणींमुळे पाकिस्तानला असं साहस परवडणार नाही, यावर त्यात भर होता. त्या मधल्या काळात काय बदललं म्हणून मत बदललं, हे वाचणाऱ्याला कळायला हवं होतं. आधीचं वाक्य मागे घेताना ते मागे घेतो आहोत असं लिहिणं, ही अहवालाच्या भाषेतली साधी शिस्त आहे.

दुसरी नोंद एका पत्राची. जून १९९८ मध्ये आयबीने, म्हणजे देशांतर्गत गुप्तवार्ता पाहणाऱ्या संस्थेने, नियंत्रण रेषेपलीकडे, कारगिलसमोर वाढलेल्या हालचालींची माहिती कळवली. पत्र पंतप्रधान, गृहमंत्री, कॅबिनेट सचिव, गृह सचिव आणि लष्करी कारवाई महासंचालक यांना गेलं. ‘रॉ’चे प्रमुख, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालक, म्हणजे ही माहिती इतर माहितीशी जोडून पाहणं ज्यांचं कामच होतं, ते तिघे त्या यादीत नव्हते. वरून ती त्यांच्यापर्यंत झिरपेल, अशी अपेक्षा होती. पत्र कुणाच्या नावे आहे, हाही मजकुराचाच भाग असतो. पाच नावांच्या जागी आठ हवी होती. पुढच्या उन्हाळ्यात ५२७ जवान त्या शिखरांवर कामी आले.

समितीने हेही नोंदवलं की संयुक्त समितीच्या अहवालांना राजकीय आणि प्रशासकीय पातळीवर मिळायला हवं तेवढं लक्ष मिळत नाही. त्यानंतर मंत्रिगटाने शिफारशी केल्या आणि मार्च २००२ मध्ये तिन्ही दलांची माहिती एकत्र पाहणारी संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली. समितीच्या छापील अहवालातले काही भाग मात्र सुरक्षेच्या कारणाने गाळलेले आहेत. युगोस्लाव्हियावरचं १९५१ चं ते एक वाक्य आज जगभरच्या वर्गांत शब्दन् शब्द वाचून शिकवलं जातं. १९९८ च्या उन्हाळ्यातल्या त्या पत्राची मूळ वाक्यं मात्र आपल्याकडच्या कुठल्याही वर्गात अजून वाचता येत नाहीत.