ठिपक्यांचे चित्र आणि ‘अस्सल रंगां’चा गैरसमज

दिवाणखान्यात लावण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियन आदिवासी ठिपकेचित्रांविषयी एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: ही कला हजारो वर्षे याच रूपात चालत आली असून अस्सल चित्र नैसर्गिक रंगांचेच असते, ॲक्रिलिक (कृत्रिम रंग) म्हणजे नक्कल. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे.

वाळूवर, अंगावर आणि खडकावर काढल्या जाणाऱ्या खुणा प्राचीन आहेतच. परंतु भिंतीवर टांगता येईल असे ठिपक्यांचे चित्र १९७१ पासून, मध्य ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या वायव्येकडील पापुन्या वसाहतीत आकाराला आले. जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तेथील ज्येष्ठ पुरुषांनी आधी शाळेची भिंत रंगवली, मग हाती लागतील त्या फळ्यांवर आणि पुढे कॅनव्हासवर ॲक्रिलिक वापरले. १९७२ मध्ये स्वतःची कंपनीही काढली. या चित्रांतली एककेंद्री वर्तुळे बहुधा पाणवठा किंवा मुक्काम दाखवतात, तर ‘यू’सारखी खूण म्हणजे बसून उठलेल्या माणसाचा वाळूतला ठसा. विधींची दीक्षा घेतलेल्यांनीच पाहावा असा तपशील बाहेर गेल्यावरून वाद झाले, तेव्हा तो वगळला जाऊ लागला, आणि ठिपक्यांची दाटी काही अंशी पडदा म्हणूनच वाढली.

ही शैली सर्व आदिवासींची, हेही खरे नव्हे. उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँड या प्रदेशात झाडाच्या सालीवर बारीक तिरक्या रेघांचे जाळे विणतात. तेव्हा रंगापेक्षा, ती कथा चितारण्याचा हक्क चित्रकाराला होता का, हे विचारावे. परवानगीविना आदिवासी चित्रे गालिच्यांवर उतरवून विकणाऱ्यांविरुद्ध ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने १९९४ मध्येच निकाल दिला आहे.