दहा लाख खुणा आणि एकच वाचन

आमच्या गल्लीत डीटीपी आणि झेरॉक्सचं एक दुकान आहे. लग्नसराईत तिथे उभं राहायला जागा नसते. मध्यंतरी तिथून प्रिंट काढून आणल्या, घरी येऊन पेनड्राइव्ह लावला, तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. खरे फोल्डर लपवलेले आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे बाण असलेले आयकॉन. हे पेनड्राइव्हवरून पसरणाऱ्या व्हायरसचं काम. ज्यांना हा प्रकार माहीत आहे, त्यांनी कपाळाला हात लावला असेल.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. अँटीव्हायरस होता, पैसे भरून घेतलेला, अपडेटही त्याच सकाळचा. मग सेटिंग उघडायला सांगितलं. स्कॅनमधून वगळायच्या यादीत दोन नोंदी होत्या: अख्खा डी ड्राइव्ह आणि अख्खा ई ड्राइव्ह. ई म्हणजे गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात तो.

"ताई, कोरलची फाइल उघडायलाच अर्धा मिनिट जायचा," दुकानवाले दादा म्हणाले. कोरल म्हणजे कोरलड्रॉ, ज्यात ते पत्रिका बनवतात तो प्रोग्रॅम. "एकेक फाइल लाखो व्हायरसशी ताडून बघायची म्हणजे वेळ लागणारच ना. गिऱ्हाईक थांबतं का?"

हे स्पष्टीकरण मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. व्हायरस वाढत चालले, यादी वाढत चालली, म्हणून संगणक मंदावला. ऐकायला पटतं, पण ते चूक आहे. ते का चूक आहे यामागे संगणकशास्त्रातली एक फार देखणी कल्पना आहे. ती सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

आधी हिशेब करू. अँटीव्हायरसकडे ज्ञात व्हायरसांच्या ओळखखुणा असतात. खूण म्हणजे त्या व्हायरसच्या फाइलीत हमखास सापडणारी बाइटांची एक ठरावीक ओळ. समजा अशा १० लाख खुणा आहेत आणि फाइल १० एमबीची, म्हणजे साधारण १ कोटी बाइटांची आहे. एकेक खूण घेऊन फाइलीतल्या प्रत्येक जागी ती बसते का पाहायचं ठरवलं, तर १० लाख कोटी तुलना होतील. सेकंदाला १०० कोटी तुलना धरल्या, तरी पावणेतीन तास लागतील. दादांचा अर्धा मिनिट त्यापुढे काहीच नाही. म्हणजे अँटीव्हायरस तसं करत नाही, हे उघडच आहे.

मग करतो काय? उत्तर १९७५ सालचं आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत मार्गारेट कोरासिक आणि आल्फ्रेड एहो हे दोघे ग्रंथसूचीत शोध घेण्याच्या प्रश्नावर काम करत होते. हजारो नोंदींच्या मजकुरात एकाच वेळी अनेक शब्द कसे शोधायचे, हा त्यांचा प्रश्न होता. व्हायरसचा तिथे संबंधच नव्हता. पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जाणारा ब्रेन लाहोरमध्ये लिहिला गेला, तो त्यानंतर ११ वर्षांनी, १९८६ साली.

त्यांची युक्ती आपल्या अक्षरांतच पाहू. शोधायचे शब्द चार: कमळ, करवत, मळणी, वतन. या चौघांचं एक झाड करायचं. बुंध्यापासून तीन फांद्या निघतात: क, म आणि व. क-च्या फांदीला पुढे दोन फाटे फुटतात, एक म-ळ असा आणि दुसरा र-व-त असा. कमळ आणि करवत यांचा क एकच, म्हणून तो दोनदा तपासावा लागत नाही. इथवर काही विशेष नाही. शब्दकोशात शब्द शोधताना आपणही हेच करतो.

खरी गंमत पुढे आहे. समजा मजकुरात "कमळणी" अशी अक्षरं आली. आपण क, म, ळ असे तीन पायऱ्या चढलो आणि कमळ सापडलं. पुढचं अक्षर णी. कमळच्या पुढे णी-ची फांदी नाही. आता? साधा माणूस बुंध्याशी परत येईल आणि दुसऱ्या अक्षरापासून, म्हणजे म-पासून, पुन्हा वाचायला लागेल. एहो आणि कोरासिक म्हणतात, परत वाचायचं कशाला? तुम्ही "कमळ" वाचलंय म्हणजे त्याचं शेपूट "मळ" हेही वाचलंच आहे, आणि "मळ" ही तर मळणीची सुरुवात आहे. म्हणून झाड बांधतानाच कमळच्या ळ-पासून मळणीच्या ळ-कडे जाणारा एक बाण काढून ठेवायचा. अडलात की बाणावरून तिकडे जा आणि तेच णी तिथे लावून पाहा. लागलं. मळणी सापडली, आणि मजकुरात एक अक्षरही मागे जावं लागलं नाही.

बाणावरून जायला किती वेळ जाईल, अशी शंका येईल. तेही मोजता येतं. एक अक्षर वाचलं की आपण जास्तीत जास्त एक पायरी चढतो. बाण नेहमी खालच्या पायरीवरच नेतो, कारण शेपूट मूळ शब्दाहून आखूडच असतं. आणि जितक्या पायऱ्या चढलो त्याहून जास्त उतरता येत नाही. म्हणजे चढणं आणि उतरणं मिळून पावलं अक्षरसंख्येच्या दुपटीच्या आतच राहतात. १ कोटी बाइटांना फार तर २ कोटी पावलं. या हिशेबात शब्द किती आहेत हे कुठेच आलं नाही! खुणा चार असोत की १० लाख, फाइल एकदाच वाचायची. पावणेतीन तासांचं काम सेकंदाच्या पन्नासाव्या भागात आलं.

याची किंमत मेमरीत मोजावी लागते, कारण झाड रॅममध्ये उभं राहतं. क्लॅमएव्ही हा मुक्त अँटीव्हायरस हेच तंत्र वापरतो आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. त्याची पूर्ण यादी चढली की एक जीबीहून जास्त रॅम अडते. यादी वाढण्याचा भार प्रामुख्याने रॅमवर येतो, वेळेवर नाही.

मग दादांचा अर्धा मिनिट कुठे गेला? मुख्यतः बांधलेली गाठोडी सोडण्यात. झिप करणं म्हणजे फाइली दाबून एका गाठोड्यात बांधणं. तसं केल्यावर आतली बाइटंच बदलतात, त्यामुळे खूण तिथे दिसत नाही. गाठोडं सोडल्याशिवाय झाडाचा उपयोग नाही. वर्डची डॉकएक्स फाइल आतून झिपच असते. एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, तीही झिपच असते, लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात त्या घातकी एपीकेसुद्धा. कोरलड्रॉच्या अलीकडच्या आवृत्त्यांची फाइलदेखील झिपचंच गाठोडं आहे. त्यात गाठोड्यात गाठोडं असू शकतं. ४२ डॉट झिप नावाची एक कुप्रसिद्ध फाइल आहे, आकार फक्त ४२ केबी. आत १६ झिप, प्रत्येकीत आणखी १६, असे पाच थर. पूर्ण सोडली तर ४५ लाख जीबी होतात. कुठे थांबायचं हे ठरवलेलं नसेल, तर अँटीव्हायरस तिथेच बसून राहील. म्हणून क्लॅमएव्हीमध्ये किती थर आत जायचं, किती मोठी फाइल उघडायची, एका गाठोड्यातल्या किती फाइली पाहायच्या, अशा मर्यादा असतात. अनेक अँटीव्हायरसमध्ये यातल्या काही मर्यादा आपल्यालाही बदलता येतात. पासवर्ड घातलेली झिप मात्र कुणालाच आतून दिसत नाही. ईमेलमध्ये झिप आणि शेजारीच तिचा पासवर्ड लिहिलेला असेल, तर ती पाठवणाऱ्याला स्कॅन चुकवायचं असण्याची दाट शक्यता धरा.

दादांसारख्या दुकानात सेटिंग कसं असावं? फाइल उघडताना होणारा स्कॅन कायम चालू ठेवायचा, आणि झिपच्या आत खोल शिरण्याचं काम रात्रीच्या नियोजित स्कॅनवर सोपवायचं. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर या अँटीव्हायरसमध्ये नियोजित स्कॅनला सरासरी ५० टक्के सीपीयूची मर्यादा मुळातच असते, ती आणखी कमीही करता येते. एक्स्टेन्शन म्हणजे फाइलीच्या नावातला शेवटच्या डॉटनंतरचा भाग. "ठरावीक एक्स्टेन्शनच तपासा" असा पर्याय दिसला तर तो नको, सगळ्या फाइली तपासायला लावाव्यात. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" ही फाइल आपल्याला नुसती "बिल डॉट पीडीएफ" दिसते. सापडलेली फाइल थेट पुसू नका, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटीव्हायरसच्या बंदिस्त कप्प्यात, जाऊ द्या. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. चूक कुणाचीही होऊ शकते, म्हणून फाइल परत आणायची वाट मोकळी असावी. आणि वगळायचंच असेल तर आपण स्वतः बनवलेल्या फाइलींचा एखादा फोल्डर वगळा. अख्खा ड्राइव्ह कधीच नाही.

दादा मधूनमधून डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सहा वेळा रिफ्रेश करत होते. संगणक हलका होतो म्हणे. तसं काही होत नाही. रिफ्रेशने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा काढले जातात, एवढंच. आणि "१०० टक्के संरक्षण" लिहिलेल्या खोक्यावरही असाच विश्वास ठेवू नये. १९८४ साली संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी दाखवलं की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. समजा तसा परीक्षक आहे. मग मी असा प्रोग्रॅम लिहीन, जो आधी त्या परीक्षकालाच विचारेल, "मी व्हायरस आहे का?" "हो" म्हणाला तर गप्प बसेल, "नाही" म्हणाला तर पसरेल. परीक्षक दोन्हीकडून खोटा ठरतो. आता त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचं लेबल लावलं, तरी ही सिद्धता बदलत नाही.

आमच्या दुकानातलं सेटिंग तपासायला मी आयकार चाचणीफाइल नेली होती. ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ, जिला व्हायरस समजायचं असं अँटीव्हायरसवाल्यांनी आपसात ठरवलेलं आहे. पेनड्राइव्हवर तिच्या दोन प्रती होत्या, एक उघडी आणि एक झिपमधली. ई ड्राइव्ह वगळलेला असताना उघडी प्रतसुद्धा दुकानातल्या संगणकावर बिनबोभाट उघडली. दादांनी यादीतल्या दोन्ही नोंदी काढल्या, पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला. फाइलीवर क्लिक करताच लाल चौकट आली. झिप तशीच पडून होती. मग त्यांनी ई-वर राइट क्लिक करून स्कॅन लावला, आणि काही सेकंदांत तीही पकडली गेली. त्यानंतर त्यांनी एक पत्रिका कोरलमध्ये उघडली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पहिल्यांदा बावीस सेकंद. बंद करून पुन्हा उघडली, तर सहा. एकदा तपासलेली फाइल बदललेली नसेल तर अनेक अँटीव्हायरस तिचं गाठोडं पुन्हा उलगडून पाहत नाहीत, आणि विंडोजनेही ती मेमरीत धरून ठेवलेली असते. दादांनी तिसऱ्यांदा उघडून पाहिली.