‘दुखत नाही ना? मग सोड!’ : मानेतल्या गाठीबद्दलचा खुलासा

पुण्यात पेठांपासून नव्या सोसायट्यांपर्यंत हा समज अजून ऐकू येतो: गाठ दुखत नसेल तर काळजी नको. हे चूक आहे, आणि त्यापायी उपचारांना उशीर होतो.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, घसा धरला की जबड्याखाली गाठ लागते. ती दुखते, कारण लसिकाग्रंथी जंतूंशी झुंजत असते. बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते. न दुखता वाढणारी गाठ मात्र क्षयाची असू शकते. आजी जिला गंडमाळ म्हणायची, ती बहुतेकदा हीच. खोकला अजिबात नसतानाही हा क्षय होतो. क्वचित लिम्फोमा (लसिकाग्रंथींचाच कर्करोग) किंवा दुसरीकडून पसरलेला कर्करोगही निघतो.

म्हणून लेप लावत बसू नका. गाठ तीन-चार आठवडे टिकली, कडक लागली, गळ्याच्या हाडाच्या वर आली, किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम, वजनात घट असेल तर लगेच दाखवा. सुईने नमुना घ्यायला काही मिनिटं पुरतात. क्षय निघालाच, तर सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत औषधं मोफत मिळतात. साधारण 6 महिने घ्यावी लागतात.