ग्रँड कॅन्यन : कड्यावरील वाहनसफर

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेल्या घळईच्या कड्याने वाटाड्यासह बस, व्हॅन किंवा जीपमधून केली जाणारी सफर. नदीमार्गाने घळईची लांबी सु. ४४६ किमी. आहे. बहुतेक सफरी दक्षिण कड्यावर, समुद्रसपाटीपासून सु. २,१०० मी. उंचीवर होतात. या प्रदेशाला सर्रास वाळवंट म्हटले जात असले, तरी कड्यावर पाइन व जुनिपर वृक्षांची झाडी आहे. खरे वाळवंट सु. दीड किमी. खाली, तळाशी लागते.

विल्यम्सहून येणारा लोहमार्ग १९०१ मध्ये कड्यापर्यंत पोहोचला. फ्लॅगस्टाफहून पहिली मोटार १९०२ च्या जानेवारीत आली. ती वाफेवर चालणारी होती आणि वाटेत रखडल्याने काही तासांच्या प्रवासाला कित्येक दिवस लागले. पश्चिमेकडील हर्मिट मार्ग (सु. ११ किमी.) सँटा फे रेल्वे कंपनीने १९१० नंतर लवकरच बांधला. तो केवळ निसर्गदृश्ये दाखविण्यासाठी झाला असे समजणे कठीण आहे. घळईत उतरणाऱ्या ब्राइट एंजल पायवाटेवर राल्फ कॅमरन हे व्यावसायिक पथकर घेत असत, त्यामुळे कंपनीला स्वतःची वेगळी वाट हवी होती, हे कारण अधिक सबळ दिसते. या मार्गाच्या टोकाचे हर्मिट्स रेस्ट (१९१४) आणि पूर्वेकडील डेझर्ट व्ह्यू मार्गाच्या (सु. ४० किमी.) टोकाचा टेहळणी बुरूज (१९३२) या दोन्ही वास्तू मेरी कोल्टर यांनी रचल्या.

थांब्यांवर वाटाडे घळईचे वय सांगतात, तेव्हा खडकांचे वय आणि घळईचे वय यांची गल्लत होण्याचा संभव असतो. पायाखालचा कैबाब चुनखडक सु. २७ कोटी वर्षांपूर्वीचा, तर तळाचा विष्णू शिस्ट (उष्णता व दाबाने रूपांतरित झालेला खडक) सु. १७० कोटी वर्षांहून जुना आहे. घळई यांपेक्षा पुष्कळच तरुण आहे. किती, हा वादाचा विषय आहे. घळईच्या पश्चिम मुखाजवळील सु. ६० लाख वर्षांहून जुन्या थरांत कोलोरॅडोचा गाळ सापडत नाही, म्हणजे तेव्हा नदी तेथे वाहत नव्हती, म्हणून ती ५०–६० लाख वर्षांची मानण्याचा प्रघात होता. फ्लॉवर्स व फार्ली या भूवैज्ञानिकांनी २०१२ मध्ये ॲपटाइट खनिजातील हीलियमच्या मापनावरून (खडक पृष्ठभागाजवळ येऊन केव्हा थंड झाला, हे त्यावरून कळते) पश्चिम भाग सु. ७ कोटी वर्षांपूर्वीच बराच कोरला गेला असल्याचे मांडले. कार्लस्ट्रॉम व सहकाऱ्यांच्या मते (२०१४) निरनिराळ्या काळांतील जुने-नवे तुकडे ५०–६० लाख वर्षांपूर्वी नदीने जोडले. दोन्ही पुराव्यांना जागा देणारे हे मत तूर्त अधिक ग्राह्य वाटते. डेझर्ट व्ह्यू मार्गावरील लिपन पॉइंट या थांब्यावरून आडव्या थरांखालचे कललेले प्राचीन थर स्पष्ट दिसतात. दोहोंमधील कालखंडाची नोंद खडकांत उरलेली नाही.

हर्मिट मार्ग मार्च ते नोव्हेंबर या काळात खाजगी गाड्यांना बंद असतो. परवानाधारक सफरींच्या बस जाऊ शकतात. उत्तर कडा सु. ३०० मी. अधिक उंच असून हिमवृष्टीमुळे तेथील रस्ता हिवाळ्यात बंद राहतो.