दिवाळीच्या यादीतली शेवटची ओळ

माळा आवरताना दिवाळीच्या याद्यांचा गठ्ठा सापडला. आमच्याकडे वाण्याची यादी अजून कागदावरच होते आणि कागद टाकायचा नाही, ही सवय मी आईकडून उचलली. रवा, बेसन, पिठीसाखर, उटणं, पणत्या हे दरवर्षी तेच. बदलते ती शेवटची ओळ, लेकीसाठी काय आणायचं ती. पहिल्या वर्षी तिथे ‘खुळखुळा, मऊ झबली २’ आहे. चौथ्या वर्षी ‘किल्ल्यावरचे मावळे, तोफा, एक वाघ’. (वाघ कशाला? तो हवाच होता.) तेराव्या वर्षीच्या कागदावर बुटांच्या एका कंपनीचं नाव, मॉडेल आणि रंग आहे, आणि अक्षर माझं नाही, तिचं.

या एका ओळीवरून मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते बरंचसं वाचता येतं. त्यातले काही टप्पे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून तपासलेही आहेत.

भेट द्यायची तर आधी एक गोष्ट कळायला हवी: समोरच्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असू शकते. बेटी रेपाचोली आणि अ‍ॅलिसन गॉपनिक यांनी १९९७ मध्ये हे तान्ह्या पोरांवर पाहिलं. मुलांसमोर दोन वाडगे, एकात माशाच्या आकाराची खारी बिस्किटं, दुसऱ्यात कच्ची ब्रोकोली. मुलांना अर्थातच बिस्किटं आवडली. प्रयोग करणाऱ्या बाईंनी मात्र बिस्किट खाऊन तोंड वाकडं केलं, ब्रोकोली खाऊन ‘अहाहा’ केलं आणि मग हात पुढे केला, मला दे. चौदा महिन्यांच्या मुलांनी बिस्किटंच दिली. अठरा महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. अवघ्या चार महिन्यांचा फरक!

मग चार वर्षांची माझी लेक आजोबांसाठी गुलाबी क्लिपा का निवडत होती? मला वाटतं, टेबलावर दोनच वाडगे असताना दुसऱ्याची आवड लक्षात ठेवणं सोपं असतं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तुळशीबागेत ते मोठ्यांनाही जमत नाही.

त्याच वर्षी तिने बाबांना दारातच सांगून टाकलं, “तुमच्यासाठी शर्ट आणलाय, पण ते सांगायचं नाहीये.” गुपित ठेवायला आणखी एक पायरी चढावी लागते. मला माहीत असलेलं समोरच्याला माहीत नाही, हे डोक्यात पक्कं बसावं लागतं. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी मुलांना मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बिनदिक्कत नव्या कपाटाकडे बोट दाखवतात. चॉकलेट तिथे आहे ना, मग मॅक्सीलाही ठाऊक असणारच! चौथ्या-पाचव्या वर्षानंतर बरोबर उत्तरं वाढत जातात. आमच्या घरात पाडव्याची भेट लपून राहायला लागली ती याच सुमारास.

घेण्याचंही शिक्षण असतं. कॅरोलिन सार्नी यांनी १९८४ मध्ये सहा, आठ आणि दहा वर्षांच्या मुलांना एका छोट्या कामाबद्दल आधी छान बक्षीस दिलं. पुढच्या वेळी मात्र हातात ठेवलं अगदी बाळांचं, कंटाळवाणं खेळणं, आणि त्यांचे चेहरे टिपले. लहान मुलांची, त्यातही मुलग्यांची, नाराजी लपली नाही. मोठी मुलं, आणि मुली जास्त, हसून ‘थँक्यू’ म्हणाल्या. भाऊबीजेला मामाने सलग तिसऱ्यांदा कंपासपेटी दिली तेव्हा आठ वर्षांची आमची लेकही अशीच हसली होती. तेव्हा मला कौतुक वाटलं. आता वाटतं, आवडलं नाही तरी गोड दिसायचं, हे मुलींना आपण किती लवकर शिकवतो!

खिशाला सगळ्यात जड गेलं ते तेरावं वर्ष. लॅन चॅप्लिन आणि डेबोरा रोडर जॉन या अमेरिकी संशोधक बाईंनी २००७ मध्ये आठ-नऊ, बारा-तेरा आणि सोळा ते अठरा अशा तीन गटांतल्या मुलांना ‘मला कशाने आनंद होतो’ या विषयावर चित्रांचे आणि शब्दांचे तुकडे चिकटवायला दिले. माणसं, खेळ, छंद, यश आणि विकतच्या वस्तू, सगळं समोर होतं. विकतच्या वस्तू बारा-तेराच्या गटात सर्वांत जास्त चिकटल्या, पुढच्या गटात पुन्हा कमी झाल्या. हा चढ-उतार आत्मसन्मानाच्या उलट चालतो, असं त्यांना दिसलं: स्वतःबद्दलचं मत घसरलं की वस्तूंची ओढ वाढते. त्याहून गंमत पुढे. काही मुलांना त्यांच्याविषयी सोबत्यांनी लिहिलेले चांगले शब्द कागदी बशीवर दिले, तर तेवढ्यानेसुद्धा वस्तूंची ओढ उतरली. बुटांची किंमत आठवून मी हा भाग दोनदा वाचला.

सोळाव्या वर्षी लेकीने वस्तू मागितलीच नाही. मैत्रिणींबरोबर हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकला जायचे पैसे मागितले. तीन ते सतरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून चॅप्लिन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलं ते हेच: लहान मुलं वस्तूंनी जास्त खूश होतात, मोठी अनुभवांनी. खेळणं समोर दिसतं, हातात धरता येतं. सहलीचा आनंद मात्र आठवणीत साठवावा लागतो आणि सोबतच्यांच्या मनाशी जुळवून घ्यावा लागतो. ती दोन्ही कौशल्यं उशिरा पिकतात. म्हणून तीन वर्षांच्या पोराला महागड्या रिसॉर्टला नेऊन ‘याला काही कदर नाही’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

या वयात आजी-आजोबा सरळ पाकीट देतात, तो रुपया चिकटवलेलं. त्यावर एका अर्थशास्त्रज्ञाची मोहोर आहे. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, नाताळात मिळालेल्या वस्तूंसाठी तुम्ही स्वतः किती मोजले असते? किमतीच्या दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत मोल वाटेतच हरवत होतं. मित्रांच्या भेटीत कमी, लांबच्या आणि वयाने मोठ्या नातेवाइकांच्या भेटीत जास्त. आणि रोख पैसे देण्याकडे कल होता तो याच मोठ्यांचा, विशेषतः आजी-आजोबांचा. नातीची आवड आता आपल्याला कळत नाही, हे त्यांना बरोबर कळलेलं असतं. ओवाळणीच्या तबकात नोट टाकणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायला येलपर्यंत जायची गरज नव्हती म्हणा.

गठ्ठ्यातली सगळ्यात वरची यादी गेल्या वर्षीची. पूर्ण यादी लेकीच्या अक्षरात, आणि शेवटच्या ओळीत तिचं स्वतःचं काही नाही. ‘आई: गुडघ्याचा पट्टा, मोठा साइज’ एवढंच. जिना उतरताना मी कठडा धरते हे तिने कधी पाहिलं कोण जाणे. पट्टा अगदी मापाचा निघाला. मला खरं तर साडी हवी होती. मी पाकीट उघडलं आणि सार्नीबाईंच्या प्रयोगातल्या दहा वर्षांच्या मुलीसारखी गोड हसले.